वर चाललेल्या चेंडूला कोण ढकलतंय? बल आणि गती घरच्या घरी शिकण्याची रीत

माझी भाची सातवीत आहे. ‘बल म्हणजे काय’ असं विचारलं तर पुस्तकातली व्याख्या ती न अडखळता म्हणून दाखवते. एकदा तिला मी कागद-पेन्सिल दिली आणि सांगितलं, ‘चेंडू सरळ वर फेकलाय. हातातून सुटलाय, अजून वर चाललाय, टोकाला पोचला नाही. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत ते बाणांनी दाखव.’ तिने खाली एक बाण काढला, त्याला ‘गुरुत्व’ लिहिलं. मग वरच्या दिशेने त्याहून लांब बाण काढला आणि लिहिलं, ‘हाताचं बल’. हात तर केव्हाच सुटला होता. ‘पण मामा, वर चाललाय म्हणजे वर ढकलणारं काहीतरी असणारच ना?’

या उत्तरात तिचा काही दोष नाही. ॲरिस्टॉटलपासून जवळजवळ दोन हजार वर्षं भलीभली माणसं असंच समजत होती. ढकलगाडी ढकलली तरच चालते, पायडल थांबवलं की सायकल मंदावते. दिवसभराचा अनुभव हेच तर शिकवतो. म्हणून व्याख्या पाठ करून हा समज हलत नाही. तो हाताने, मोजून काढावा लागतो. सहावी ते आठवीच्या मुलांनी चार-पाच रविवारांत घरच्या घरी करायचा क्रम खाली दिलाय. क्रम बदलू नका, कारण पुढचा प्रयोग मागच्यावर उभा आहे. आणि सुरू करण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावर तो वर चाललेला चेंडू काढा, तुम्हाला वाटतात ते बाण काढा, तारीख टाका. कुणाला विचारू नका, खोडायचंही नाही.

सामान फार नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायरिंगची प्लॅस्टिक केसिंग पट्टी आणा, साधारण दोन मीटरच्या दोन. वरचं झाकण काढलं की गोटी पळायला झकास पन्हळ मिळते. बाकी गोट्या, मोजपट्टी, जरा जाड रबर बँड, दोरा, चाकं नीट फिरणारा खेळण्यातला ट्रक, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, मोबाइल आणि दहा रुपयांची आठ-दहा नाणी. ही नाणी घ्यायला दुकानदार कुरकुर करतात, आपल्याला इथे उपयोगी पडतील.

आधी मोजायला शिका

घरातली फरशी हीच मोजपट्टी. एका फरशीची लांबी मोजा. बऱ्याच घरांत ती ६० सेंटिमीटर असते. मग दहा फरश्या म्हणजे ६ मीटर. नेहमीच्या चालीने तेवढं चाला आणि दुसऱ्याला वेळ मोजायला सांगा. ५ सेकंद लागले तर चाल झाली सेकंदाला १.२ मीटर. याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात, म्हणजे ताशी सुमारे ४.३. एक जोडी डोक्यात पक्की ठेवा: ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. रस्त्यावरच्या गाड्यांचा अंदाज त्यावरून पटकन येतो.

बोटाने स्टॉपवॉच दाबताना दीड-दोन दशांश सेकंदांची चूक होतेच. ती टाळता येत नाही, पण तिचा त्रास कमी करता येतो. प्रत्येक मोजणी तीनदा करा, सरासरी काढा आणि अगदी थोडक्या वेळात उरकणारी हालचाल मोजायची असेल तर व्हिडिओ काढून चौकटी (फ्रेम) मोजा. साध्या मोबाइलचा व्हिडिओ सहसा सेकंदाला ३० चौकटींचा असतो, म्हणजे एक चौकट एक तीसांश सेकंदाची.

अंतर आणि विस्थापन यांवर फार वेळ घालवू नका. इमारतीला एक फेरी मारून पुन्हा फाटकाशी आलात तर अंतर झालं फेरीएवढं आणि विस्थापन शून्य. चालीला दिशा जोडली की वेग. इतकं पुढे पुरतं.

उतारावरची गोटी

पट्टीचं एक टोक चार पुस्तकांवर ठेवून १० सेंटिमीटर उंच करा. वरच्या टोकापासून ५० सेंटिमीटरवर एक आणि २०० सेंटिमीटरवर एक खूण करा. गोटी वरून नुसती सोडायची, ढकलायची नाही. बोटाने अडवून धरली तर सोडताना नकळत धक्का बसतो, म्हणून पुढ्यात मोजपट्टी आडवी धरा आणि ती झटकन वर उचला.

आता मोजण्याआधी अंदाज लिहा. ५० सेंटिमीटरला जितका वेळ लागेल, त्याच्या चौपट अंतराला किती लागेल? बहुतेक मुलं ‘चौपट’ म्हणतात. आमच्याकडे ५० सेंटिमीटरला सरासरी १.८ सेकंद आले आणि २०० ला ३.७. म्हणजे दुपटीच्या जवळपास. चौपट अंतर दुप्पट वेळात कापलं, याचा अर्थ गोटी वाटेत सतत वेग घेत होती. मध्ये ११२ सेंटिमीटरवर खूण करून बघा. तिथे दीडपट वेळ यायला हवा, कारण दीडाचा वर्ग सव्वादोन आणि ५० च्या सव्वादोनपट म्हणजे साधारण ११२. दर सेकंदाला वेग जितका बदलतो त्याला त्वरण म्हणतात. गोटीचं त्वरण उताराभर सारखंच राहतं, हे तुम्ही आत्ता स्वतः मोजलंत.

गॅलिलिओने हेच केलं होतं. १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने सुमारे सात मीटर लांबीच्या तुळईचं वर्णन केलंय. तिच्यात कोरलेल्या खाचेला आतून गुळगुळीत चर्मपत्र चिकटवलं होतं आणि तिच्यावरून तो कांस्याचा गोळा सोडायचा. स्टॉपवॉच नव्हतं. मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी पेल्यात धरायचं आणि वजन करायचं. जितकं पाणी, तितका वेळ. हे त्याने शंभर शंभर वेळा करून पाहिलं असं तो लिहितो. आपल्याला तीनदा करायचाही कंटाळा येतो!

दुसरी पट्टी, आणि घर्षण नावाचा चोर

आता पहिल्या पट्टीच्या पायथ्याशी दुसरी पट्टी अशी जोडा की गोटी एकीवरून उतरून दुसरीवर चढेल. सांध्यात उंचवटा नको. चिकटपट्टी आतून लावा आणि बोट फिरवून बघा. गोटी समोरच्या पट्टीवर किती उंच चढली ती खूण करा. लांबी मोजू नका, जमिनीपासूनची उंची मोजा. मग दुसऱ्या पट्टीचा चढ कमी करा. पुन्हा सोडा. अजून कमी करा.

प्रत्येक वेळी गोटी सुटली त्यापेक्षा थोड्या कमी उंचीपर्यंत चढते. पण चढ जितका सौम्य, तितकी तेवढी उंची गाठायला ती लांब जाते. आता दुसरी पट्टी अगदी सपाट ठेवा. उंची गाठायची सोयच उरली नाही. मग गोटी कुठवर जाईल? गॅलिलिओने इथे डोळे मिटून विचार केला: काही आडवं आलं नाही तर जातच राहील.

आपली गोटी मात्र थांबते. कुठे थांबते ते बघा. तीच गोटी त्याच उंचीवरून एकदा फरशीवर सोडा, एकदा चादरीवर, एकदा पायपुसण्यावर. आमच्याकडे फरशीवर ती थेट पलंगाखाली गेली, चादरीवर हातभर अंतरात थांबली, पायपुसण्यावर वीतभरही गेली नाही. सुटताना वेग तोच होता. थांबण्याच्या जागा वेगळ्या, कारण अडवणारं बल वेगळं. गोटी ‘बल संपलं म्हणून’ थांबत नाही. घर्षणाचं बल मागून ओढतं म्हणून थांबते. कॅरमवर पावडर टाकतो ती यासाठीच.

आहे त्या स्थितीत राहण्याचा हा जो स्वभाव, तो जडत्व. एसटीने ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढे जातो. त्याला कुणी ढकललेलं नसतं, बस थांबते आणि तो चालत राहतो, एवढंच. घरी बघायचं तर कॅरमच्या सात-आठ सोंगट्यांची चळत लावा आणि खालची सोंगटी जोरात टिचकीने उडवा. चळत जागच्या जागी खाली बसते. स्ट्रायकर सोंगटीपेक्षा जाड असेल तर तो दुसऱ्या सोंगटीलाही लागतो आणि सगळं कोसळतं. तेव्हा मारायला सोंगटीच वापरा.

रबर बँडचा तानकाटा

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत मोलाचा प्रयोग हा, आणि शाळेत नेमका तोच घाईत उरकतात.

रबर बँड कापून त्याचं एक टोक पुठ्ठ्याच्या पट्टीवर वर पक्कं करा, दुसऱ्या टोकाला दोरा आणि पातळ प्लॅस्टिकची पिशवी. पुठ्ठा उभा धरा. वजनकाट्यावर मोजून पिशवीत ५० ग्रॅम पाणी घाला, रबराचं टोक जिथे आलं तिथे खूण करा. असं ३०० ग्रॅमपर्यंत जा. बल न्यूटन या एककात मोजतात. १०० ग्रॅम पाण्याचं वजन १ न्यूटनच्या अगदी जवळ असतं (०.९८), म्हणून १०० च्या खुणेवर १, २०० च्या खुणेवर २ लिहा. खुणांमधली अंतरं सारखी येणार नाहीत. रबर स्प्रिंगसारखं सरळमार्गी नसतं. बिघडलं काही नाही, प्रत्येक खूण आपण मोजूनच केली आहे. इथेच वस्तुमान आणि वजन यांतला फरकही समजून घ्या. पिशवीतलं पाणी ३०० ग्रॅम हे वस्तुमान, ते चंद्रावर नेलं तरी तेवढंच. रबराला ते जितकं खाली ओढतं ते वजन, आणि ते चंद्रावर साधारण एक षष्ठांश होईल.

आता पिशवी काढा आणि त्या जागी एक खोका अडकवा, आत वह्या घालून एकूण ५०० ग्रॅम केलेला. फरशीवरून आडवा ओढा. तीन गोष्टी टिपा.

एक, हलायच्या आधी काटा जास्त दाखवतो. हलला की आकडा उतरतो. जड कपाट सरकवताना पहिला हिसका सगळ्यात जड का लागतो ते हेच. दोन, खोका आडवा असो की उभा, घर्षण जवळजवळ तेवढंच येतं, पण आतलं वजन दुप्पट केलं तर तेही जवळपास दुप्पट होतं.

तिसरी गोष्ट सावकाश बघा. खोका हळू पण एकसारख्या वेगाने ओढा आणि आकडा वाचा. आमच्याकडे दीड न्यूटनच्या आसपास होता. मग त्याच्या दुप्पट वेगाने, पण पुन्हा एकसारखा, ओढा. भाचीने खात्रीने सांगितलं होतं, ‘तीन येणार.’ आला पुन्हा दीडच्या आसपास. तिने काटा हलवून बघितला, रबर तपासलं, तीनदा ओढलं.

बलामुळे वेग टिकत असता तर जास्त वेगाला जास्त बल लागलं असतं. लागलं नाही. आपण पुढे दीड न्यूटनने ओढत होतो, घर्षण मागे दीड न्यूटनने ओढत होतं. दोन्ही मिळून शून्य, आणि तरीही खोका चालत होता. यालाच संतुलित बलं म्हणतात. संतुलित म्हणजे वस्तू थांबलेली, हा बहुतेक मुलांचा समज इथे सुटतो: वस्तू थांबलेली असेल किंवा एकसारख्या वेगाने सरळ चाललेली असेल. झटका देऊन खोक्याचा वेग वाढवत ओढलात तर मात्र काटा दीडच्या वर जातो, आणि वाढवताय तेवढाच वेळ वर राहतो.

बल वाढवलं तर काय होतं

न्यूटनने हे सगळं १६८७ साली नियमात बसवलं. आज तो असा लिहितात: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. १ किलोच्या वस्तूवर १ न्यूटन असंतुलित बल लावलं तर तिचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो.

हे पडताळायला ट्रक टेबलावर ठेवा. त्याला दोरा बांधा, दोरा टेबलाच्या कडेवरून खाली सोडा, टोकाला हलकी पिशवी. कडेला रिकाम्या पेनाची गोल नळी आडवी चिकटवा, म्हणजे दोरा कमी घासेल. ट्रकमध्ये आठ नाणी ठेवा, शिवाय खडे घालून सगळं मिळून ४०० ग्रॅम करा. दहाचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. खाली उशी ठेवा आणि टेबलाच्या कडेशी ट्रक पकडायला एक जण बसवा.

सुरुवातीला टेबलाचे मागचे पाय वहीवर वगैरे टेकवून इतकं कलतं करा, की पिशवी नसताना ट्रकला हलकी टिचकी मारली तर तो एकसारखा जात राहील. चाकांचं घर्षण असं उतारानेच फेडून टाकलं. मग दोन नाणी ट्रकमधून काढून पिशवीत टाका, ट्रक सोडा आणि ७० सेंटिमीटरला लागलेला वेळ व्हिडिओवरून मोजा. नंतर चार नाणी पिशवीत, नंतर आठ. नाणी ट्रकमधूनच काढायची, बाहेरून आणायची नाहीत; पिशवीसुद्धा ट्रकबरोबर धावतेच, त्यामुळे एकूण वस्तुमान तेवढंच राहतं आणि फक्त बल बदलतं.

आमचे आकडे: दोन नाण्यांना २.२ सेकंद, चारांना १.६, आठांना १.१. बल दुप्पट केल्यावर वेळ निम्मा झाला नाही म्हणून भाची नाराज झाली. गोटीचं पान उघडा. तिथे अंतर वेळेच्या वर्गाबरोबर वाढत होतं. म्हणून त्वरण दुप्पट झालं तर वेळ १.४ पटीने कमी होतो, आणि निम्मा व्हायला बल चौपट लागतं. दोन नाण्यांवरून आठांवर गेलो तेव्हा २.२ चे १.१ झाले, बरोबर तसंच. निव्वळ गणिताने दोन नाण्यांना १.९ सेकंद यायला हवे होते. वरचे तीन दशांश त्या नळीवर घासणाऱ्या दोऱ्याने खाल्ले. ते आकडे सुधारून लिहू नका, शेजारी कारण लिहा.

बलं जोडीनेच येतात

पेलाभर पाणी डिजिटल काट्यावर ठेवा, काटा शून्य करा. आता दोन पेरं बुडतील इतकं बोट पाण्यात घाला, पेल्याला अजिबात न लावता. काटा सात-आठ ग्रॅम दाखवेल. पेल्याला हात लागला नाही, पाणी वाढलं नाही. पाणी बोटाला वर उचलतंय, म्हणून बोट पाण्याला तेवढंच खाली दाबतंय. दोन वस्तू एकमेकींवर सारखंच पण उलट दिशेने बल लावतात (क्रिया आणि प्रतिक्रिया), हा न्यूटनचा तिसरा नियम काट्यावर असा ग्रॅममध्ये वाचता येतो.

रस्सीखेचीत कोण जास्त ओढतं? दोन्ही टोकांना एकेक रबरी काटा लावून हळू ओढून बघा, आकडे सारखेच. मग एक बाजू जिंकते कशी? नववीतल्या दादाला गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून उभा करा आणि सहावीतल्या मुलीला अनवाणी. आजूबाजूला फर्निचर नको. दादा घसरत पुढे येतो. दोरी दोघांना सारखीच ओढत होती. फरशीने कुणाचे पाय धरले आणि कुणाचे नाही, त्यावर निकाल लागला.

यातूनच जुना पेच सुटतो. बैल गाडीला ओढतो तितकीच गाडी बैलाला मागे ओढते, मग गाडी चालते कशी? उत्तर हवं असेल तर एकाच वस्तूभोवती पेन्सिलीने गोल काढा आणि बाहेरून त्या वस्तूवर येणारेच बाण मोजा. गाडीभोवती गोल काढला तर पुढे बैलाचा बाण, मागे चाकांच्या घर्षणाचा. गाडीने बैलावर लावलेलं बल या गोलात येतच नाही, ते बैलाच्या गोलात जातं. क्रिया-प्रतिक्रिया एकाच वस्तूवर दाखवून ‘एकमेकांना रद्द करतात’ असं लिहिलेली उत्तरं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती गोल न काढल्यामुळे होतात.

आता शेवटचं पान उघडा

त्याआधी एक उदाहरण. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चा विक्रम लँडर उतरताना सुरुवातीला सेकंदाला सुमारे १.७ किलोमीटर वेगाने चंद्राभोवती धावत होता. त्याची इंजिनं तो चालला होता त्याच्या उलट दिशेला जोर लावत होती, म्हणूनच त्याचा वेग कमी होत गेला. वेगाचा बाण एकीकडे, इंजिनांच्या बलाचा दुसरीकडे. वस्तू जिकडे चालली तिकडेच बल असलं पाहिजे असं नाही, हे यात लख्ख दिसतं.

आता चेंडूचं चित्र नव्याने काढा. चेंडूभोवती गोल काढा आणि विचारा, आत्ता या क्षणी याला कोण शिवतंय, कोण ओढतंय? हात गोलाच्या बाहेर, चेंडूपासून दूर. पृथ्वी ओढते, तिचा बाण खाली. पृथ्वीची ओढ चेंडूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंदाने खाऊन टाकते. वर जायला जो वेग होता तो संपेपर्यंत चेंडू वर जातो. अगदी टोकाला वेग शून्य होतो, पण तिथेही तो बाण जसाच्या तसा असतो. नसता तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

भाचीने दुसऱ्यांदा काढलं तेव्हा खाली लांब बाण होता, आणि त्याच्या शेजारी खालीच जाणारा दुसरा, अगदी छोटा. त्याला तिने लिहिलं होतं, ‘हवा’. चेंडू वर जातोय म्हणजे हवा त्याला खाली अडवणार, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. मग पेन्सिल चावत तिने विचारलं, ‘आणि परत येताना हा छोटा बाण वर करायचा, ना?’

करायचा.